कचरा कुजतो, शिसे कुजत नाही
जव्हार-मोखाड्याच्या जमिनीचा आणि आपल्या दुकानांचा हिशेब

शहरी कचऱ्यापासून केलेले खत हा आता व्यापारातील एक माल झाला आहे. गोणीत भरून, शिक्का मारून ते कृषी सेवा केंद्रात विकले जाते. केंद्र सरकारने २०१६ साली शहरी कंपोस्टासाठी धोरण ठरवले, खत कंपन्यांना विक्रीसाठी टनामागे १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले आणि रासायनिक खतांबरोबर हे खतही शेतकऱ्यापर्यंत पोहोचवण्यास सांगितले. महाराष्ट्र शासनाने त्याच सुमारास 'हरित महासिटी कंपोस्ट' या नावाची मुद्रा तयार केली. गावचा कचरा गावच्या मातीत परत जावा, हा विचार उत्तम आहे. परंतु या व्यवहारात एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे विकणाऱ्याचे, घेणाऱ्याचे आणि कचरा टाकणाऱ्याचेही लक्ष नसते. ती म्हणजे कचऱ्यातून खतात आणि खतातून जमिनीत जाणारे जड धातू : शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, पारा, तांबे, जस्त आणि त्यांच्या पंक्तीत बसणारे आर्सेनिक.

हा विषय आम्ही व्यापाराच्या पानावर घेत आहोत, कारण हे धातू आकाशातून पडत नाहीत. ते गॅरेजमधून, रेडिएटरच्या दुकानातून, डाख देणाऱ्याच्या पाटावरून, बॅटरीच्या टपरीतून, लेथ मशीनखालून, रंगाऱ्याच्या डब्यातून येतात. म्हणजेच आपल्या वाचकांपैकी बहुसंख्य मंडळी ज्या धंद्यांत आहेत, त्याच धंद्यांतून येतात. आणि ते थांबवण्याची किल्लीही त्याच हातांत आहे.

कुजण्याचा अर्थ

ओला कचरा कुजतो तेव्हा नेमके काय होते, ते आधी पाहू. भाजीचे देठ, सालपटे, उरलेले अन्न यांचा बराचसा भाग जिवाणू खाऊन टाकतात. पाणी वाफ होऊन जाते, कार्बन वायू होऊन जातो. हजार किलो ओल्या कचऱ्याचे दोन-अडीचशे किलो खत उरते. दूध आटवले की साखर जशी दाट होते, तसेच इथे धातूंचे होते. हजार किलो कचऱ्यात दहा ग्रॅम शिसे असेल, तर अडीचशे किलो खतात तेच दहा ग्रॅम शिसे असते. किलोमागे दहा मिलिग्रॅमचे चाळीस मिलिग्रॅम झाले. कचरा आटला, शिसे आटले नाही.

दुसरी गोष्ट. कुजण्याच्या पहिल्या काही दिवसांत ढिगात आंबट रस तयार होतात. खिळा, सेलचे कवच, डाखाचा थेंब, पत्र्याचा तुकडा त्या रसात गंजतो आणि विरघळतो. मग शेवटी चाळणी मारून मोठे तुकडे बाजूला काढले तरी धातूचा जो अंश उतरायचा तो बारीक खतात उतरलेला असतो. म्हणून धातू वेगळा करायचा तो कचरा कुजण्याआधी. नंतर चाळून फारसा उपयोग नाही.

गांडूळ खतालाही हाच नियम लागू आहे. गांडूळ कचरा खातो, धातू नाहीसा करत नाही. थोडा धातू त्याच्या शरीरात साठतो, बाकीचा खतातच राहतो. 'गांडूळ खत म्हणजे शुद्ध खत' ही समजूत बाजारात चालते. परंतु शुद्धता गांडुळावर अवलंबून नसते, त्याला काय खायला घातले त्यावर असते.

कायद्याने घातलेली हद्द

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कंपोस्टासाठी ज्या मर्यादा घातल्या गेल्या, त्या अशा : एक किलो कोरड्या खतात शिसे १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५०, आर्सेनिक १०, तांबे ३००, जस्त १,००० आणि पारा अवघा ०.१५ मिलिग्रॅम. यापूर्वी २००० साली आलेल्या नियमांतही हेच आकडे होते. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशातही शहरी कंपोस्टासाठी अशा मर्यादा आहेत. जे खत या हद्दीबाहेर जाईल ते अन्नपिकांना वापरायचे नाही; अन्नाव्यतिरिक्त अन्य कामांना वापरता येईल, असे नियमात स्पष्ट म्हटलेले आहे.

युरोपीय संघाने २०१९ साली केलेल्या खतांच्या नियमात सेंद्रिय भूसुधारकासाठी कॅडमियमची हद्द किलोला २ मिलिग्रॅम ठेवली आहे. आपल्याकडची ५ आहे. शिशाच्या बाबतीत मात्र त्यांची हद्द १२० आणि आपली १०० आहे. म्हणजे कागदावरचा आपला नियम ढिला म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो प्रत्यक्ष मालाचा.

प्रत्यक्ष माल कसा आहे, याचे उत्तर भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी दिले आहे. त्यांनी देशातील २९ शहरांमध्ये तयार होणारे कचऱ्याचे खत तपासले आणि २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुसंख्य नमुने खत नियंत्रण आदेशाच्या कसोटीला उतरले नाहीत. सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश यांत कमी आणि तांबे, शिसे, क्रोमियम यांत जास्त, अशी त्यांची अवस्था होती.

याच अभ्यासातील दोन गोष्टी आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली : दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांच्या खतात लहान शहरांच्या मानाने धातू खूपच जास्त सापडले, शिसे आणि कॅडमियम तर दुपटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक. दुसरी : ज्या ठिकाणी ओला कचरा उगमापाशीच वेगळा केला जात होता, तेथील खतात मिश्र कचऱ्याच्या खतापेक्षा शिसे ८४ टक्क्यांनी, तांबे ७८ टक्क्यांनी आणि कॅडमियम ६४ टक्क्यांनी कमी होते. शिवाय त्याच खतात नत्र आणि स्फुरद जास्त होते. कोणतेही महाग यंत्र नाही, परदेशी तंत्र नाही. फक्त दोन डबे. या दोन डब्यांनी माल सुधारतो आणि जमीनही वाचते.

जव्हार-मोखाड्याची जमीन वेगळी का

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याचा हा डोंगरी भाग. जव्हारची नगरपरिषद १९१८ सालची, संस्थानी काळातली. २०११ च्या जनगणनेत गावाची वस्ती सुमारे बारा हजार. शेजारी मोखाड्याची नगरपंचायत. भोवती पाडे, उतारावर नागली आणि वरई, खाचरात भात, कुंपणाला काजू-आंबा आणि अलीकडच्या वर्षांत मोगरा.

या जमिनीच्या चार गोष्टी धातूंच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

एक, पाऊस. मुसळधार पावसाने धुऊन धुऊन इथली तांबूस माती आम्लधर्मी होत जाते, तिचा सामू उतरतो. आंबट मातीत कॅडमियम, जस्त आणि निकेल सुटे होतात आणि पिकाच्या मुळांना सहज मिळतात. तेच खत देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत घातले, तर धातू बऱ्याच प्रमाणात मातीला धरून राहतात. म्हणून नगर-सोलापूरकडे चालून गेलेला माल इथेही निर्धास्त चालेल, असे म्हणता येत नाही.

दोन, मातीची जाडी. एक एकर जमिनीत वरच्या सहा इंचांत साधारण आठ लाख किलो माती असते. एकरी दोन टन खत घातले आणि त्यात शिसे बरोबर हद्दीइतके, म्हणजे किलोला १०० मिलिग्रॅम असले, तर दरसाल २०० ग्रॅम शिसे जमिनीत पडते. मातीच्या किलोमागे पाव मिलिग्रॅमची वाढ. ही वाढ लहान आहे, घाबरण्यासारखी नाही. परंतु खतात हद्दीच्या पाचपट शिसे असेल, तर दरसाल एकरी एक किलो शिसे पडेल आणि वीस वर्षांत मातीच्या किलोमागे २५ मिलिग्रॅम वाढतील. आता वरकस जमीन घ्या. तिथे मातीच तीन इंच. तेवढेच खत निम्म्या मातीत मिसळणार, म्हणजे आकडा दुप्पट.

तीन, उतार. वरचा थर पावसात खाली येतो, ओहोळाला, नदीला जातो. याच परिसरातून वैतरणा वाहते आणि तिच्यावरच्या धरणांचे पाणी मुंबई पिते. वरच्या शेतात टाकलेला माल वरच्याच शेतात राहतो असे नाही.

चार, आणि ही सर्वांत मोठी गोष्ट : माणसे. जव्हार-मोखाड्याचे नाव १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी देशभर गेले आणि कुपोषणाचा प्रश्न त्यानंतरही इथून हटला नाही. वैद्यकशास्त्र सांगते की ज्याच्या शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी, त्याचे आतडे शिसे आणि कॅडमियम अधिक शोषून घेते. म्हणजे तेवढेच शिसे पोटभर जेवणाऱ्या मुलाला जेवढे बाधेल, त्यापेक्षा अर्धपोटी मुलाला अधिक बाधते. शिसे मुलाच्या मेंदूच्या वाढीवर घाव घालते आणि त्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कॅडमियम मूत्रपिंडात दशकानुदशके साठत राहते. जपानमध्ये तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या काठी खाणीच्या सांडपाण्यातले कॅडमियम भातशेतीत उतरले आणि लोकांची हाडे ठिसूळ झाली. १९६८ साली तिथल्या सरकारने तो प्रदूषणातून आलेला रोग असल्याचे मान्य केले. तिथली गोष्ट खाणीची होती, खताची नव्हती, हे खरे. पण भातातून माणसापर्यंतची वाट तीच आहे.

आपल्या दुकानाचा वाटा

आता हिशेब आपल्या दारात आणू. बारा हजार वस्तीच्या गावात माणशी ३०० ग्रॅम कचरा धरला, तर दिवसाला साडेतीन टनांच्या आसपास कचरा निघेल. त्यातला निम्मा ओला धरला आणि त्याचे खत केले, तर दिवसाला सुमारे ४०० किलो खत पडेल. हा आमचा ढोबळ अंदाज आहे, पण त्यावरून प्रमाण कळते.

एक किलो शिसे म्हणजे दहा लाख मिलिग्रॅम. किलोला १०० ची हद्द धरली तर एक किलो शिसे दहा टन खत हद्दीपर्यंत नेऊन ठेवते. म्हणजे वरच्या हिशेबाने अख्ख्या गावाचे पंचवीस दिवसांचे खत. आणि एक किलो शिसे म्हणजे तरी किती? मोटारसायकलच्या एका जुन्या बॅटरीत त्याहून अधिक निघते.

रेडिएटर किंवा भांड्याला डाख देणाऱ्या कारागिराच्या पाटाखाली महिन्याला शंभर ग्रॅम डाख सांडला आणि त्यात चाळीस टक्के शिसे असले, तर त्या झाडलोटीत चारशे किलो खत बिघडवण्याची ताकद आहे. कल्हईवाल्यांची गोष्ट थोडी निराळी. चोख कथील या आठ धातूंच्या यादीत नाही. पण स्वस्ताच्या मोहाने शिसे मिसळलेले कथील घेतले, तर ते आधी गिऱ्हाइकाच्या भांड्यात आणि नंतर राखेबरोबर कचऱ्यात जाते. चोख कथील वापरणारा कारागीर दोन्हीकडून निर्दोष राहतो.

लेथवर पितळ कातणाऱ्याच्या चुऱ्यात तांबे आणि जस्त असते. टायरमध्ये जस्त असते. टायर जाळला की ते राखेत उतरते. जुन्या दरवाजा-खिडक्यांचा खरवडलेला रंग हा शिशाचा मोठा साठा. घरगुती रंगांत शिशाची हद्द दशलक्ष भागांत ९० भाग, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाच्या पापुद्र्यात कितीतरी पट असू शकते. पिवळा, नारिंगी रंग असेल तर शिशाबरोबर क्रोमियमही. क्रोमने कमावलेल्या कातड्याच्या किलोभर तुकड्यांत वीस-पंचवीस ग्रॅम क्रोमियम असते, म्हणजे चार-पाचशे किलो खताची हद्द तेवढ्यात संपली. हिरडा-बाभळीच्या सालीने कमावलेल्या, जुन्या पद्धतीच्या कातड्यात हा दोष नाही.

ट्यूब आणि सीएफएल दिव्यात पारा असतो. पाऱ्याची हद्द इतकी बारीक आहे की तीन मिलिग्रॅम पारा कचऱ्यात राहिला तर वीस किलो खताला तो पुरतो. पाड्यांवर वापरले जाणारे टॉर्चचे सेल, जुन्या चार्जिंगच्या दिव्यातल्या निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवरचे सर्किटचे तुकडे, जुन्या वायरींची साले, हे सारे याच यादीत येते.

भाजी, फळे, चहा, खानावळ, चिकन-मटण या दुकानांचा ओला कचरा धातूंच्या दृष्टीने सहसा निर्धोक असतो. त्याचे सगळे नुकसान होते ते शेजारच्या दुकानाची झाडलोट त्याच डब्यात पडल्यामुळे. म्हणजे एका दुकानदाराच्या आळसाने साऱ्या बाजाराचा माल नासतो.

भंगारवाल्याचा मान

या सगळ्या साखळीत एक माणूस असा आहे की ज्याला समाज घाणीतला माणूस समजतो, पण जो खरोखर जमिनीची राखण करतो. तो म्हणजे भंगारवाला. घंटागाडीवर आणि कचऱ्याच्या ढिगावर वेचणारे हात, पाड्यापाड्यांतून जुनी बॅटरी, तांब्याची तार, पत्रा गोळा करणारी हातगाडी, हे सर्व मिळून जेवढा धातू परत कारखान्याकडे पाठवतात, तेवढा मातीत जाण्यापासून वाचतो. त्याला बाजारात दर आहे, म्हणून तो वाचतो. जो धातू बाजारात विकला जात नाही, तोच जमिनीवर येऊन पडतो : डाखाचा थेंब, रंगाचा पापुद्रा, फुटकी ट्यूब, टॉर्चचा सेल.

मात्र हा मान टिकवायचा तर दोन पथ्ये पाळली पाहिजेत. बॅटरी फोडून तिचे पाणी गटारात सोडणे आणि शिसे उघड्यावर वितळवणे हा धंदा नव्हे, स्वतःच्या लेकरांच्या रक्तात विष घालणे आहे. बॅटरीच्या कचऱ्यासाठी २००१ सालापासून नियम आहेत आणि २०२२ साली ते नव्याने आले. जुनी बॅटरी न फोडता, अख्खी, नोंदणी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याकडे गेली पाहिजे. तसेच तांब्यासाठी वायर जाळू नये, सोलून काढावी. जाळलेल्या सालीची राख जिथे पडते, तिथल्या मातीत शिसे कायमचे बसते.

खत विकणाऱ्याने काय पाहावे

कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी हा केवळ पुण्याचा प्रश्न नाही, परवान्याचाही आहे. खत नियंत्रण आदेश हा १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली येतो. खत निरीक्षक नमुना घेऊ शकतो आणि नमुना नापास झाला तर उत्पादकाबरोबर विक्रेत्यालाही उत्तर द्यावे लागते. म्हणून माल उतरवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. गोणीवर उत्पादकाचे नाव, मालाचा प्रकार, घटकांचे प्रमाण आणि तुकडीची ओळख आहे का? त्या तुकडीचा धातूंचा तपासणी अहवाल आहे का, आणि त्यात आठही आकडे आहेत का? हे खत वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याचे आहे की मिश्र कचऱ्याचे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळले जात असेल, तर माल परत गेलेला बरा.

सुट्या ट्रकने येणाऱ्या 'मातीखता'पासून विशेष सावध राहावे. देशभर जुन्या कचराभूमी खणून रिकाम्या करण्याचे काम चालले आहे, त्याला बायोमायनिंग म्हणतात. मुंबईत १९२७ पासून कचरा घेणाऱ्या देवनारच्या डोंगराचा सुमारे १ कोटी ८५ लाख टन जुना कचरा हटवण्यासाठी महापालिकेने २०२५ साली निविदा काढली. हे काम व्हायलाच हवे. पण अशा ढिगातून चाळून निघणारी काळी, बारीक, मातीसारखी चीज म्हणजे खत नव्हे. दिल्ली, हैदराबाद आणि कडप्पा येथील कचराभूमीतून काढलेल्या अशा मातीची दिल्लीच्या आयआयटीतील संशोधकांनी तपासणी केली, तेव्हा तिच्यात तांबे, क्रोमियम, शिसे यांसारखे धातू आसपासच्या साध्या मातीपेक्षा जास्त आढळले. ती दिसायला सुपीक असते आणि स्वस्तही पडते. डोंगरातल्या गरीब शेतकऱ्याला स्वस्त माल लगेच पटतो. म्हणूनच ती त्याच्या शेतावर जाऊ नये, ही जबाबदारी मधल्या व्यापाऱ्याची आहे.

घेणाऱ्याने काय पाहावे

शेतकरी आणि बागाईतदार वाचकांसाठी थोडक्यात सांगतो.

घरचे शेणखत, गवत, सुका पाला यांचे खत पहिले. विकतचे शहरी खत नंतर. शहरी खत घ्यायचेच तर अहवाल असलेले घ्यावे. ज्याच्याबद्दल खात्री नाही ते पालेभाज्यांना, मुळ्याला, रताळ्याला मुळीच घालू नये, कारण पालेभाजी कॅडमियम चटकन उचलते आणि कंदाला तर मातीच चिकटलेली असते. मोगऱ्यासारखे फुलाचे पीक खाल्ले जात नाही, त्यामुळे तिथे धोका कमी. परंतु मोगरा काढून उद्या तिथेच मेथी पेरायची असेल, तर धातू तोवर मातीत वाट पाहत असतील, हे विसरू नये.

राब भाजताना फांद्या, पाला, गवत आणि शेण एवढेच वापरावे. रंगवलेले लाकूड, प्लॅस्टिक, टायर, गावातला मिश्र कचरा राबावर आला तर त्याची राख थेट नागलीच्या आणि भाताच्या रोपाच्या मुळाशी बसते.

भाताच्या खाचरात दाणा भरेपर्यंत पाणी टिकवले तर कॅडमियम मातीत बांधून राहते. पाणी लवकर काढले तर ते सुटे होते आणि दाण्यात चढते. आंबट जमिनीत मातीपरीक्षण करून शिफारशीप्रमाणे चुना घातल्याने धातूंची चाल मंदावते. मात्र शेतात उतरलेला धातू परत काढून घेण्याचा स्वस्त उपाय आजही नाही.

मातीपरीक्षणाबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासल्या जातात. त्यांत जस्त आणि तांबे आहेत, पण ते पिकाला पुरेसे आहेत की नाही एवढेच पाहण्यासाठी. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा त्यात नाहीत. पत्रिका चांगली आली म्हणजे विष नाही, असा अर्थ होत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी सांगून करून घ्यावी लागते. आणखी एक बारकावा : सह्याद्रीचा हा सारा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा. या खडकापासून झालेल्या मातीत तांबे, क्रोमियम आणि निकेल मुळातच जास्त असतात. म्हणून नुसता आकडा पाहून घाबरू नये. खत घातलेल्या शेताचा एक नमुना आणि शेजारच्या कधीच खत न घातलेल्या माळाचा एक नमुना, असे दोन एकदम द्यावेत. दोहोंतला फरक हाच खरा आकडा. नमुना कसा घ्यावा, कुठे पाठवावा, याची चौकशी डहाणूजवळच्या कोसबाड टेकडीवरील कृषी विज्ञान केंद्रात करता येईल.

लहान गावाची संधी

कचऱ्याच्या खताची विद्या आपल्याच देशात शास्त्रशुद्ध झाली. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे मराठी सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण आणि राख यांचे खत करण्याची रीत बसवली आणि १९३१ साली ती ग्रंथरूपाने जगापुढे ठेवली. त्या काळच्या कचऱ्यात सेल, सर्किट आणि क्रोमचे कातडे नव्हते. रीत आजही तीच आहे, बिघडला आहे तो कच्चा माल. आणि कच्चा माल सुधारणे हे व्यापारी-कारागिराला शिकवावे लागत नाही.

जव्हार-मोखाड्यासारख्या लहान गावाला मोठ्या शहरापेक्षा इथे उलट फायदा आहे. मुंबईत लाखो दुकानांची झाडलोट कोण वेगळी करणार? पण जव्हारच्या बाजारपेठेतली गॅरेजे, डाखवाले, बॅटरीवाले, वेल्डर, मोबाइलवाले, रंगारी एका बैठकीत मावतील. प्रत्येक दुकानात एक झाकणाचा डबा धातूच्या झाडलोटीसाठी. महिन्यातून एक दिवस ठरवून ते सारे डबे एका भंगारवाल्याकडे. सेल आणि ट्यूबसाठी बाजारात एक सामायिक पेटी. आणि ती कोणाकडे सोपवायची याचा नगरपरिषद, नगरपंचायतीशी लेखी करार. खर्च जवळजवळ नाही. झाडलोटीतले पितळ, तांबे आणि डाख विकून उलट चार पैसे हाती येतील, आणि ओल्या कचऱ्याचे जे खत होईल ते तपासणीला निर्भयपणे पाठवता येईल.

आपण ज्या पाड्यांना माल विकतो, त्याच पाड्यांतून नागली, भात, काजू, भाजी आपल्या घरी येते. आज गॅरेजच्या दारातून झाडूने बाहेर लोटलेले शिसे कधी ना कधी त्याच ताटात दिसणार आहे. तो हिशेब पुढच्या पिढीच्या नावावर टाकायचा की आजच डब्यात बंद करायचा, हे बाजारपेठेने ठरवावे. आमचे म्हणणे एवढेच, की पुढच्या पावसाळ्यापूर्वी ती एक बैठक व्हावी.